आवक-जावक

अप्पांनी ३१ वर्षं नोकरी केली आणि ३१ वर्षं दुसऱ्यांच्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या. फोर्टातल्या एका जुन्या दगडी इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खिडकी होती. वर पाटी : 'आवक-जावक'. आलेला अर्ज घ्यायचा, सोबतची पानं मोजायची, रजिस्टरात नोंद करायची, शिक्का मारून पोच द्यायची आणि अर्ज वर शाखेत धाडायचा. वरून उत्तर उतरलं की जावक क्रमांक टाकून ते बाहेर. अर्ज मंजूर करणं त्यांच्या हातात नव्हतं, नामंजूर करणंही नव्हतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्यातरी टेबलावर फाईल अडून बसली की माणूस तणतणत यायचा तो खिडकीशीच. तिसऱ्या मजल्यावर त्याला कोण सोडणार?

एकदा दिवाळीच्या सुट्टीत ते मला ऑफिसात घेऊन गेले होते. सात-आठ वर्षांची असेन. खिडकीच्या आतल्या बाजूला टपालाच्या गठ्ठ्यावर बसून मी लिम्लेटच्या गोळ्या चघळत होते आणि बाहेर एक गृहस्थ हातातली फाईल गजांवर आपटत ओरडत होते. अप्पांनी रजिस्टर उलटं फिरवून त्यांच्यासमोर धरलं. "हे बघा, १४ तारखेला आत दिलंय. आतून उत्तर आलेलं नाही." गृहस्थ आणखी भडकले. संध्याकाळी गाडीत मी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत, तुमची चूक नाही म्हणून?"

"सांगितलं की. रजिस्टर दाखवलं ना."

"तरी ओरडले."

"मग काय. खिडकीत मीच दिसतो."

मी गेली वीसेक वर्षं ज्या कामावर पोट भरते त्याला मराठीत धड नाव नाही. वेब सर्व्हर आणि त्यामागचं ॲप यांचा सांधा जुळवायचा, जुळलेला निखळू द्यायचा नाही आणि निखळला तर रात्री उठून बसवायचा. नातेवाईक 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर समाधान मानतात. अप्पांनी मात्र निवृत्त झाल्यावर एकदा खोदून विचारलं, "नक्की काय करतेस गं?" मी म्हटलं, "आवक-जावक." ते जरा दुखावलेच. "त्यासाठी इंजिनिअरिंग केलंस?"

पण खरंच तेच आहे. तुम्ही फोनवर पत्ता टाकता तेव्हा पलीकडे पहिल्यांदा भेटतो तो वेब सर्व्हर. चित्रं, पानं, फाईली त्याच्याकडे असतात, त्या तो स्वतःच देतो. पण 'माझी ऑर्डर कुठवर आली' हे त्याला ठाऊक नसतं. ते कळतं आतल्या ॲपला, पायथन, पीएचपी नाहीतर रुबीत लिहिलेल्या कोडला. त्या कोडला हिशेब कळतो, पण दारात उभं राहून गर्दी आवरणं त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. म्हणून खिडकीवर एक आणि आत एक. दोघांनी एकमेकांशी कुठल्या भाषेत, कुठल्या नमुन्यात बोलायचं, हा माझा धंदा.

हा नमुना पहिल्यांदा ठरला १९९३ साली, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात. तिथे रॉब मॅकूल या तरुणाने लिहिलेला वेब सर्व्हर होता. सर्व्हरने बाहेरचा एखादा प्रोग्रॅम चालवायचा झाला तर त्याला विनंतीची माहिती कशी द्यायची, यावर त्या काळच्या सर्व्हरवाल्यांनी आपसात चर्चा करून एक पद्धत पाडली : सीजीआय. माझ्या पहिल्या नोकरीत, २००३ साली, अंधेरीच्या एमआयडीसीत एका वरिष्ठाने मला ती शिकवली आणि मी वहीत उतरवून घेतलेली यादी बघून मला हसूच आलं. विनंतीचा प्रकार काय, कुठल्या पत्त्यावरून आली, कुठल्या प्रोग्रॅमसाठी आहे, प्रश्नचिन्हानंतर काय लिहिलंय आणि सोबत मजकूर आहे तर किती बाइट. हे तर अप्पांचं रजिस्टर! अर्जाचा प्रकार, अर्जदाराचा पत्ता, कोणत्या शाखेस, विषय, सोबत पाने १४. शेवटचा रकाना तर हुबेहूब. सोबतचा मजकूर प्रोग्रॅमला वेगळ्या वाटेने मिळतो आणि सांगितले तेवढेच बाइट त्याने वाचायचे असतात. पंधराव्या पानाची वाट बघत बसलात तर बसाल तसेच.

गंमत म्हणजे ही पद्धत अधिकृत दस्तऐवजात आली २००४ च्या ऑक्टोबरात, आरएफसी ३८७५ म्हणून. तोवर अकरा वर्षं जगभरची संकेतस्थळं त्यावर चालून झाली होती. आधी वहिवाट, मग सातबारा.

त्या पहिल्या नोकरीत मी पर्ल या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे. एका संस्थेच्या साइटवर 'अभिप्राय नोंदवा' असा फॉर्म, एवढंच काम. तीन दिवस तो ५०० या आकड्याखेरीज, म्हणजे 'सर्व्हरवर आत काहीतरी बिघडलं' याखेरीज, काही बोलेना. कोड दहा वेळा वाचला. माझ्या यंत्रावर चालायचा, सर्व्हरवर मरायचा. शेवटी त्या वरिष्ठाने माझ्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "फाईल चढवताना एफटीपी कुठल्या मोडमध्ये होतं?" एफटीपी म्हणजे फाईल सर्व्हरवर चढवायची वाट, आणि तिचा मोड चुकला की ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या जात नाहीत. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवतं आणि युनिक्स एकच. माझ्या फाईलच्या पहिल्या ओळीत पर्ल कुठे ठेवलाय त्याचा पत्ता होता आणि त्या पत्त्याच्या शेपटीला ती जादा खूण चिकटली होती. सर्व्हर बिचारा 'पर्ल' नव्हे, 'पर्ल आणि एक न दिसणारं अक्षर' अशा नावाचा प्रोग्रॅम शोधत होता. असा कोणी त्या गावात राहत नव्हता. ते निस्तरलं तर पुन्हा ५००. आता काय, तर उत्तराचा प्रकार सांगणाऱ्या ओळीनंतर एक कोरी ओळ सोडायची असते, ती मी सोडली नव्हती. मायना आणि मजकूर यांच्यामधली ती रिकामी ओळ नसेल तर सर्व्हर पत्र पुढे पाठवतच नाही. शाळेत पत्रलेखनाला पाच गुण असायचे, त्यात मायन्याखाली ओळ न सोडल्याबद्दल माझा अर्धा गुण नेहमी जायचा. इथे तीन दिवस गेले.

सीजीआयचं एक दुखणं होतं. प्रत्येक विनंतीला नवा प्रोग्रॅम सुरू व्हायचा, काम झालं की संपायचा. म्हणजे अर्ज आला की कारकून भरती करा, त्याला टेबल-खुर्ची द्या, नियमपुस्तिका वाचायला द्या, अर्ज निकाली निघाला की सेवानिवृत्त करा आणि पुढच्या अर्जाला पुन्हा जाहिरात द्या. १९९६ साली ओपन मार्केट या कंपनीने फास्टसीजीआय आणलं, त्यात कारकून कायम झाले : एकदा बसले की विनंत्यांमागून विनंत्या घेत राहायचे. त्याच सुमाराला अपाची या वेब सर्व्हरवाल्यांनी दुसरा मार्ग काढला. पर्ल आणि पीएचपी सर्व्हरच्या पोटातच बसवले. खिडकीतल्या माणसालाच सगळे कायदे पाठ. वेगवान खरं, पण मग साधं बोधचिन्हाचं चित्र मागायला आलेल्यापुढेही तो सगळं कायद्याचं ओझं डोक्यावर घेऊनच उभा. गर्दी वाढली की सर्व्हरची मेमरी खलास.

हे चक्र फिरवलं इगोर सिसोएव्ह या रशियन माणसाने. २००२ साली त्याने एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लिहायला घेतला आणि २००४ च्या ऑक्टोबरात तो लोकांपुढे ठेवला. एका यंत्रावर एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्येच मांडून ठेवला होता. एनजिनएक्स त्याला उत्तर म्हणून आला. आणि तो पीएचपी स्वतः चालवतच नाही. येत नाही असं नव्हे, तो त्याचा विषयच नाही. 'आत विचारून सांगतो' ही त्याची वृत्ती. आतल्या ॲपला तो 'अपस्ट्रीम' म्हणतो, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला बसलेला. अप्पाही 'वर पाठवलंय' असंच म्हणायचे. पुढे २०१० मध्ये पीएचपीच्या ५.३.३ आवृत्तीत एफपीएम, म्हणजे पीएचपीचे कामगार सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम, अधिकृतपणे आला आणि पीएचपीवाल्यांचे कारकून वेगळ्या दालनात गेले. पायथनवाल्यांनी फिलिप एबी यांचा डब्ल्यूएसजीआय हा सर्व्हरशी बोलायचा नमुना २००३ मध्येच तयार केला होता. त्याचा उच्चार बरेच जण 'व्हिस्की'च्या जवळपास करतात. आमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी 'व्हिस्की बसत नाहीये' या वाक्यावर जे विनोद झाले ते इथे नकोत.

अप्पांची उपमा इथे तुटेल असं मला वाटलं होतं. त्यांच्यासमोर एका वेळी एक माणूस असायचा, एनजिनएक्ससमोर हजारो. पण त्यांनीच मला दुरुस्त केलं. "एक माणूस कुठला? एकाचं तिकीट चिकटवायचं बाकी, एक सही विसरलाय, एक झेरॉक्स काढायला गेलाय. तो परत येईपर्यंत मी पुढच्याचं घेतो. आणि अर्ज पुरा झाल्याशिवाय वर पाठवत नाही. साहेबासमोर उभं राहून कोणी पेनाचं टोपण शोधत बसलं तर चालेल का?"

एनजिनएक्स नेमकं हेच करतो, आणि मुंबईत त्याचं मोल कळतं. संध्याकाळची कल्याण गाडी डोळ्यांपुढे आणा. दारात एका हाताने दांडा धरलेला माणूस दुसऱ्या हाताने फॉर्म भरून फोटो जोडतोय. परळला पाठवायला घेतलेला फोटो विद्याविहार आलं तरी गरगरतोय. डेटाचे तुकडे एक-एक करून टपकतायत. आत माझ्याकडे जी-युनिकॉर्नचे तीन कामगार. (जी-युनिकॉर्न म्हणजे पायथनचं ॲप चालवणारा मुकादम. काही लोक त्याला 'गनिकॉर्न' म्हणतात, म्हणोत बापडे.) त्यातला एक त्या दांडाधारी माणसाच्या फोटोची वाट बघत बसला, तर उरले दोन. असे तिघे एका डब्यात असले तर दुकान बंद. म्हणून एनजिनएक्स सगळे तुकडे आपल्याकडे गोळा करतो, फॉर्म पुरा झाला की एका दमात आत देतो आणि उत्तरही एका दमात घेऊन ठेवतो. मग त्या माणसाला ते ठाण्यापर्यंत चमच्याचमच्याने भरवत बसायला हा मोकळा.

आता मोदक.

माझी धाकटी मावसबहीण गिरगावात, ठाकूरद्वारच्या जवळ, उकडीचे मोदक करून विकते. आधी सगळं फोनवर चालायचं. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी तिची वही भिजली आणि कोणाचे किती मोदक यावरून दोन घरांत जन्माचं वितुष्ट येता येता राहिलं. त्यावर मी घरची इंजिनिअर म्हणून पुढे सरसावले. महिन्याच्या भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला, एका कोअरचा, म्हणजे एकाच मेंदूचा. पायथनमध्ये छोटं ॲप लिहिलं. खिडकीत एनजिनएक्स, आत जी-युनिकॉर्न. कोअर गुणिले दोन अधिक एक हा रूढ हिशेब, म्हणून कामगार तीन. दोघांमध्ये सॉकेट. एकाच यंत्रावर असलेल्या दोन प्रोग्रॅमांना बोलायला पोर्ट लागतोच असं नाही, एक फाईल चालते. दिसायला फाईल, पण काम भिंतीतल्या झरोक्याचं.

पहिल्याच दिवशी ५०२. बॅड गेटवे. म्हणजे खिडकीला आतून नीट उत्तर नाही.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. एनजिनएक्सचं एक मला फार आवडतं : तो कारण लिहून ठेवतो. नुसतं 'झालं नाही' म्हणत नाही. दोन नंबर लिहिला असेल तर सॉकेटची फाईलच तिथे नाही. १११ म्हणजे फाईल आहे पण पलीकडे कोणी बसलेलंच नाही. आणि १३ म्हणजे परमिशन डिनाइड. माझ्याकडे १३ होता. मी सॉकेटच्या परवानग्या बघितल्या तर त्या सताड उघड्या, वाचा-लिहा-चालवा सगळ्यांना. तरीही १३. हे असं दिसलं की माणूस रात्री दीडला हाताला येईल त्या फाईलला ७७७, म्हणजे 'सगळ्यांना सगळं मोकळं', लावत सुटतो. मीही लावलं, कबूल करते. काही फरक पडला नाही.

मग लक्षात आलं. सॉकेट मी ॲपच्या वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवला होता. उबंटू या लिनक्स प्रणालीत २१.०४ आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचं घर परक्यांना बंद असतं. आणि एनजिनएक्स तर परकाच, वेगळ्या नावाने चालणारा. आमच्या गिरगावच्या आजोळी असंच होतं. दुसऱ्या माळ्यावर आजीच्या खोलीचं दार दिवसभर उघडं, कोणीही यावं, चहा घ्यावा. पण रात्री अकरानंतर खालचा लाकडी दरवाजा बंद व्हायचा. मग वरचं दार कितीही उघडं असलं तरी आलेला पाहुणा फुटपाथवरून हाका मारणार. सॉकेटपर्यंतच्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरमधून जायची परवानगी लागते, एकही सुटून चालत नाही. मी ७७७ वरच्या दाराला लावत बसले होते. सॉकेट तिथून उचलला, 'रन' नावाच्या फोल्डरमध्ये त्याला स्वतंत्र जागा करून दिली, दोघांना एका ग्रुपमध्ये घातलं आणि लावलेले सगळे ७७७ लाजेकाजेने काढून टाकले.

दुसरं लफडं आठवड्याने. अकरावी ऑर्डर जाईना. कोणी मस्ती करून खोट्या ऑर्डरी टाकू नयेत म्हणून मी नियम केला होता : एका इंटरनेट-पत्त्यावरून तासाला दहाच. पण ॲपला पत्ता दिसतो तो समोर कागद आणून देणाऱ्याचा, आणि कागद आणून देतो एनजिनएक्स. सॉकेटमधून येताना तर तो रकाना कोराच असतो. कोरा असेल तर १२७.०.०.१ समजावं, म्हणजे 'याच यंत्रावरून', असं माझंच कोड म्हणत होतं. म्हणजे दादर, मुलुंड, बोरिवली, सगळी मुंबई एकाच खोलीतून मोदक मागवतेय, असा ॲपचा ग्रह. अप्पा खूप हसले. त्यांच्या ऑफिसात नव्या आलेल्या एका अधिकाऱ्याने महिनाभर सगळी उत्तरं 'आवक-जावक विभाग' या नावाने काढली होती म्हणे. उपाय सोपा असतो. मूळ पत्ता एनजिनएक्सने एका जादा ओळीत लिहून पाठवायचा आणि ॲपने तो मानायचा. मात्र ती ओळ बाहेरचा माणूसही आपल्या हाताने लिहून पाठवू शकतो. तेव्हा आपल्या खिडकीने लिहिलेली तेवढीच खरी धरायची, त्याआधी कोणी काय खरडलंय ते सोडून द्यायचं.

तिसरी गोष्ट मात्र माझीच, निखालस माझी.

चतुर्थीला दोन दिवस होते. रात्री सव्वानऊला बहिणीचा फोन. मागे मोदकपात्राची शिट्टीसारखी वाफ, कोणीतरी नारळ खवतंय, आणि ही रडवेली. "ताई, लोक मला फोन करून ओरडतायत. साइट उघडत नाही म्हणतायत. आणि जोशीकाकूंच्या तीन ऑर्डरी आल्यात, एकवीस-एकवीसच्या. त्रेसष्ट मोदक काकू कशाला घेतील?"

मी विक्रोळीला घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. समोर अप्पा, दही-भाताचा शेवटचा घास. लॉगमध्ये दोन वाक्यं आलटूनपालटून. एकात एनजिनएक्स म्हणतोय की अपस्ट्रीमने उत्तर देण्याआधीच जोडणी तोडली. दुसऱ्यात म्हणतोय की अपस्ट्रीमची वाट बघून मुदत संपली. पहिल्याचं ५०२, दुसऱ्याचं ५०४.

"काय झालंय?" अप्पांनी विचारलं.

"ऑर्डर आली की मी ती लिहून घेते, मग एसएमएस पाठवते, आणि मग 'मिळाली' असं सांगते. एसएमएसवाल्यांचा सर्व्हर आज फोन उचलून गप्प बसतोय. नाहीही म्हणत नाही."

"मग तुझी माणसं?"

"तिन्ही माणसं कानाला फोन लावून बसलीयेत. मुकादम तीस सेकंद बघतो, हललं नाही तर त्याला काढून नवा बसवतो. नवा आला की तोही तेच करतो."

पायथनच्या ज्या लायब्ररीने मी एसएमएसवाल्यांशी बोलत होते तिला किती वेळ थांबायचं हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती जन्मभर थांबते. मी सांगितलं नव्हतं. एक शब्द आणि एक आकडा, तेवढंच राहिलं होतं. ऑर्डर मात्र फोन लावण्याआधीच वहीत पडत होती. म्हणून काकूंना दिसत होतं 'बॅड गेटवे', त्या पुन्हा भरत होत्या, आणि आत दर वेळी एकवीस मोदक जमा होत होते. ५०२ चा अर्थ लोक 'काम झालं नाही' असा घेतात. त्याचा अर्थ फक्त 'उत्तर आलं नाही' एवढाच आहे. काम झालेलंही असू शकतं. हे मला वीस वर्षं पाठ होतं, आणि तरी.

अप्पांनी हात धुतले आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली. "तू पोच शेवटी का देतेस?"

"म्हणजे?"

"अर्ज आला, नोंद झाली, क्रमांक पडला. तिथेच पोच द्यायची. मग साहेब जेवायला जाईना का. पोच मिळाली नाही तर माणूस दुसरा अर्ज देणारच. मग दोन फाईली उघडतात, आणि दोन्हींवर वेगवेगळी उत्तरं निघतात. बघितलंय मी."

आमच्या धंद्यात यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. रांगा, पार्श्वभूमीत चालणारे कामगार, त्यांची भारी भारी नावं. मला ती सगळी ठाऊक होती आणि 'मोदकांना कशाला एवढं' म्हणून मी ती टाळली होती. पाऊण तासात बदल केला. ऑर्डर नोंदवायची, क्रमांक लगेच पडद्यावर द्यायचा, आणि एसएमएस पाठवायचे राहिलेत अशी वेगळी यादी ठेवायची. ती यादी एक चौथा माणूस निवांत वाचेल, दहा सेकंदांत उत्तर नाही आलं तर पुढच्यावर जाईल आणि नंतर परत येईल. शिवाय तोच फॉर्म पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुनाच क्रमांक परत द्यायचा. काकूंच्या तीनमधल्या दोन ऑर्डरी हाताने काढल्या. साडेदहाला गाडी रुळावर आली. एसएमएसवाले मध्यरात्रीपर्यंत गप्पच होते, पण आता ते कोणालाच कळत नव्हतं.

अप्पा झोपायला गेले नाहीत. "ते लोकांना काय दिसतं, ते दाखव."

मी ५०२ चं पान दाखवलं. पांढरं पान, मधोमध इंग्रजीत दोन शब्द, खाली एनजिनएक्सचं नाव.

"नाव बिचाऱ्या खिडकीवाल्याचं," अप्पा म्हणाले. "आणि हे मोदकवाल्यांना कसं कळणार? पाटी मराठीत नाही का लावता येत?"

येते. एनजिनएक्सला सांगता येतं की आतून उत्तर आलं नाही तर अमुक पान दाखव, आणि ते पान आपल्या हातचं असतं. मी लिहिलं : 'तांत्रिक अडचणीमुळे आपली गैरसोय होत आहे. असुविधेबद्दल क्षमस्व.' अप्पांनी चष्मा लावला, वाचलं आणि मान हलवली. "क्षमस्व काय क्षमस्व. माणसाला क्षमा नको असते. आता काय करायचं ते सांग." मग त्यांनी सांगितलं आणि मी टंकलं :

'आतून उत्तर आलेले नाही. आपली ऑर्डर नोंदली गेली असल्यास क्रमांक एसएमएसने येईल. कृपया लगेच पुन्हा भरू नये. अर्ध्या तासात क्रमांक न आल्यास पुन्हा यावे.'

"आता दाखव."

"आता कसं दाखवू? आता चालू आहे. बंद पडलं तरच दिसतं."

"मग बंद कर की मिनिटभर. पाटी लागल्यावर कशी दिसते ते बघितल्याशिवाय कोणी जातं का?"

रात्रीचा एक वाजून गेला होता. या वेळी कोण मोदक मागवतंय, म्हणून मी जी-युनिकॉर्न थांबवला. अप्पांनी आपल्या फोनवर पत्ता टाकला, पाटी आली. फोन लांब धरून त्यांनी ती सावकाश वाचली. 'नोंदली' मधला 'ली' मी दीर्घ लिहिला होता, तो बरोबर आहे का यावर थोडा वेळ गेला. बरोबर होता. मग मी पुन्हा सगळं सुरू केलं आणि दोघं झोपलो.

सकाळी चहाच्या वेळी सवयीने लॉग चाळला तर त्या मिनिटभरात अप्पांच्या फोनखेरीज आणखी एक पत्ता होता. १ वाजून १२ मिनिटांनी कोणीतरी फॉर्म पाठवला होता आणि त्याला ५०२ मिळाला होता. बाहेरून वाजवत गेलेल्या गाड्यांमुळे झोप उडालेलं कोणी असेल, नाहीतर दुसऱ्या पाळीहून आलेलं. मी अप्पांना सांगितलं.

"परत आला का?"

खाली सरकत गेले. तोच पत्ता. "आला. १ वाजून ४३ मिनिटांनी. ११ मोदक."

"पोच?"

"दिली. ११८ नंबर."

अप्पांनी बशीत ओतलेला चहा संपवला आणि पेपर उघडला.